कँटनच्या बंदरातील बोली

प्रश्न : एकमेकांची भाषा न जाणणारे चिनी आणि पाश्चात्त्य व्यापारी पूर्वी व्यवहार कसा करीत?

उत्तर : १७५७ पासून १८४२ पर्यंत पाश्चात्त्यांचा चीनशी होणारा सागरी व्यापार मुख्यतः दक्षिण चीनमधील कँटन (आजचे ग्वांगझू) या बंदरापुरता मर्यादित होता आणि परकीयांना चिनी भाषा शिकवण्यास बंदी होती, त्यामुळे तेथे इंग्रजी शब्द आणि चिनी धाटणीची वाक्यरचना यांतून ‘पिजिन’ ही कामचलाऊ बोली रुजली. ‘बिझनेस’च्या चिनी उच्चारातून तिचे हे नाव आले, असे सामान्यतः मानले जाते. ‘एक माणूस’ म्हणताना तीत ‘वन पीसी मॅन’ म्हणत, कारण चिनी भाषेत संख्या आणि नाम यांच्यामध्ये गणनादर्शक शब्द लागतो; ते काम येथे ‘पीसी’, म्हणजे इंग्रजी ‘पीस’ (नग), करतो. तिला अशुद्ध इंग्रजी म्हणून हिणवणे मला अन्यायाचे वाटते.

शब्दांचा प्रवास तर विलक्षण आहे. जहाजाला बंदर सोडण्यासाठी लागणारा शिक्क्याचा परवाना म्हणजे ‘ग्रँड चॉप’. यातील ‘चॉप’ म्हणजे आपला ‘छाप’. चिनी अधिकाऱ्यासाठी रूढ झालेला ‘मँडरिन’ हा शब्दही मुळात चिनी नाही. संस्कृत ‘मंत्रिन्’ मलायमार्गे पोर्तुगिजांकडे गेला आणि त्यांच्याकडून इतर युरोपीय भाषांत पसरला.