सात वर्षांच्या मुलाला किल्ले दाखवायचे आहेत. मुंबईहून सुरुवात कोठून करावी?

आपण विचारले आहे की मुलगा सात वर्षांचा आहे, येत्या सुट्टीत रायगडापासून सुरुवात करून त्याला चार-पाच किल्ले दाखवण्याचा बेत आहे, पण तो कंटाळेल अशी भीती वाटते. शिवाय एवढ्याशा मुलाला त्यातले काय समजणार, असे घरातील वडीलधारी मंडळी म्हणत आहेत. माझी मुलगी आता अकरा वर्षांची आहे आणि ती सहा वर्षांची असल्यापासून मी, माझे यजमान आणि जमेल तेव्हा माझे सासरे असे आम्ही सगळे भांडुपहून निघून किल्ले पाहत आलो आहोत. त्या अनुभवावरून उत्तर देते.

रायगडापासून सुरुवात करू नये, आणि एका सुट्टीत चार-पाच किल्ले तर मुळीच करू नयेत. आमची पहिली सहल अशीच होती. दोन दिवसांत तीन किल्ले आखले होते आणि प्रत्येक ठिकाणी मी मुलीला कोणी बांधला, कोणी जिंकला, कोणत्या साली जिंकला हे सांगत होते. तिसऱ्या किल्ल्यावर ती एका पायरीवर बसली आणि म्हणाली, "आई, हा कालचाच किल्ला आहे ना?" त्या वेळी मला तिचा राग आला होता, परंतु परतीच्या प्रवासात विचार करताना लक्षात आले की तिचे काही चुकले नव्हते. मी तिला भिंती दाखवल्या होत्या आणि सनावळी ऐकवली होती. सहा वर्षांच्या मुलाला सर्व भिंती सारख्याच दिसतात आणि साल म्हणजे केवळ एक आकडा असतो.

मार्ग माझ्या सासऱ्यांनी दाखवला. ते मूळचे रत्नागिरीकडचे असून त्यांनी परळच्या गिरणीत फिटर म्हणून नोकरी केली. ते म्हणाले, "पुढच्या वेळी तिला काही सांगू नकोस, एकच गोष्ट शोधायला लाव. इथली माणसं पाणी कुठून आणत असतील?" किल्ला ही आधी माणसांनी राहण्याची जागा आहे, आणि माणसे राहायची तर पाणी हवे, ही गोष्ट मुलाला कोणत्याही लढाईपेक्षा लवकर कळते. रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्र या राज्यकारभारावरच्या ग्रंथात हेच बजावले आहे: गडावर आधी पाणी पाहून मग किल्ला बांधावा, आणि पाणी नसतानाही ती जागा बांधणे आवश्यक असेल, तर खडक फोडून तळी आणि टाकी आधी करावीत. वेढा पडला की दारूगोळ्याइतकीच पाण्याची किंमत होते. हा प्रश्न हाती आल्यापासून आमच्या मुलीने कोणत्याही किल्ल्यावर "घरी कधी जायचं?" असे विचारलेले नाही.

म्हणून माझ्या मते सुरुवात वांद्र्याच्या किल्ल्यापासून करावी. बँडस्टँडच्या टोकाला असलेला हा किल्ला पोर्तुगीजांनी १६४० साली बांधला आणि त्याचे नाव कास्तेल्ला द आग्वादा असे आहे. आग्वादा म्हणजे जहाजांनी गोडे पाणी भरून घेण्याची जागा. मुलाचा प्रश्न येथे किल्ल्याच्या नावातच सापडतो. आज शिल्लक भाग थोडा आहे आणि तासाभरात पाहून होतो, हाच पहिल्या भेटीसाठी मोठा गुण आहे. तटावर उभे राहिले की माहीमची खाडी, सागरी सेतू आणि पलीकडे वरळी दिसते. १६६१च्या विवाहकरारात पोर्तुगीज राजकन्येच्या हुंड्यापोटी मुंबई बेट इंग्लंडच्या राजाला देण्याचे ठरले आणि १६६८ साली राजाने ते वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला दिले. त्यामुळे मधले हे पाणी म्हणजे दोन सत्तांची सीमा झाली: अलीकडे पोर्तुगीज, पलीकडे इंग्रज. हे सारे मुलाला सांगण्याची गरज नाही. "समोरच्या किनाऱ्यावर दुसऱ्या राजाची माणसे होती, त्यांच्यावर लक्ष ठेवायचे असेल तर तू कोठे उभा राहशील?" एवढे विचारले तरी तो योग्य जागा स्वतः शोधून काढतो. पुढच्या एखाद्या रविवारी वरळी कोळीवाड्यातून चालत वरळीच्या किल्ल्यावर जावे. किल्ला अगदी छोटा आहे, पण आत विहीर आहे आणि तेथून वांद्रे उलट्या बाजूने दिसते. ज्या किनाऱ्यावरून आपण पाहत होतो तोच किनारा आता समोर आला आहे, हे मुलीच्या ध्यानात आले तेव्हा ती बराच वेळ तेथून हलायला तयार नव्हती.

त्यानंतर वसई. लोकलने वसई रोडला उतरून रिक्षा किंवा बसने किल्ल्यापर्यंत जाता येते. हा भुईकोट प्रचंड विस्ताराचा आहे, तो पूर्ण पाहण्याचा हट्ट धरू नये. एखादे चर्च, एक विहीर आणि बंदराकडचा दरवाजा एवढे पुरे. १७३९च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या सैन्याने दीर्घ वेढ्यानंतर हा किल्ला पोर्तुगीजांकडून घेतला, आणि येथल्या चर्चमधील घंटा विजयाची खूण म्हणून ठिकठिकाणच्या देवळांत गेल्या. नाशिकला गोदाकाठी असलेल्या नारोशंकराच्या देवळातील मोठी घंटा त्यांपैकीच. छप्पर नसलेल्या चर्चच्या मनोऱ्याकडे पाहून मुलीने "घंटा कुठे गेली?" असे विचारले, आणि तिचे उत्तर तिला सहा महिन्यांनी नाशिकला प्रत्यक्ष पाहायला मिळाले.

आता ज्या किल्ल्याविषयी मला सर्वाधिक लिहावेसे वाटते, तो अलिबागचा कुलाबा. आपल्या मुंबईतला कुलाबा नव्हे. अलिबागच्या किनाऱ्यासमोर समुद्रातल्या खडकावर उभा असलेला किल्ला. शिवाजी महाराजांनी १६८० साली, निधनाच्या थोडेच दिवस आधी, याचे काम सुरू केले, संभाजी महाराजांच्या काळात ते पूर्ण झाले आणि पुढे कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचे हे मुख्य ठाणे झाले. लहान मुलासाठी याच्याइतका चांगला किल्ला मला ठाऊक नाही, कारण ओहोटीला येथे समुद्रातून पायी चालत जाता येते.

मात्र त्यासाठी दिवस निवडून जावे लागते, आणि तो दिवस भिंतीवरच्या दिनदर्शिकेवरून काढता येतो. सासऱ्यांनी मुलीला शिकवलेला कोकणातला हिशोब असा: तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची, म्हणजे साधारण भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे पूर्ण भरती तीनच्या सुमारास. ओहोटी त्याच्या सुमारे सहा तास आधी, म्हणजे सकाळी नवाच्या आसपास. पंचमीला पावणेचार, म्हणून ओहोटी पावणेदहाला. अष्टमीला हिशोबाने ओहोटी बाराला येते, परंतु ते भांगाचे, म्हणजे कमी भरती-ओहोटीचे, दिवस असल्यामुळे पाणी पुरेसे आटत नाही आणि चालत जाणे बहुधा जमत नाही. पौर्णिमेला व अमावास्येला उधाण असल्याने पाणी चांगले आटते, पण ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी येते. म्हणून दोन्ही पक्षांतली तृतीया, चतुर्थी किंवा पंचमी मुलांना घेऊन जाण्यास उत्तम. हा अंदाज आहे. निघण्यापूर्वी भरती-ओहोटीचे छापील वेळापत्रक पाहावे आणि किनाऱ्यावरील स्थानिकांना विचारल्याशिवाय पाण्यात पाऊल घालू नये.

आम्ही चतुर्थीच्या आदल्या दिवशी गेटवेहून लाँचने मांडव्याला उतरलो, तेथून बसने अलिबाग गाठले आणि रात्री मुक्काम केला. सकाळी आठच्या सुमारास निघालो तेव्हा ओल्या वाळूवर घोट्याएवढे पाणी होते. निघण्यापूर्वी मुलीने बोट समुद्रात बुडवून जिभेला लावले आणि तोंड वाकडे केले. किल्ल्यातली गोड्या पाण्याची विहीर सापडल्यावर तिने आजोबांकडून थोडे पाणी काढून घेतले, पुन्हा बोट बुडवले आणि जिभेला लावले. चारही बाजूंनी खारे पाणी आणि मध्ये गोडे पाणी, ही गोष्ट तिला इतकी अशक्य वाटली की तिने तीन वेळा खात्री करून घेतली. मी एरवी असे पाणी तोंडात घालू दिले नसते, पण त्या दिवशी मी तिला अडवले नाही.

तटापाशी सासऱ्यांनी तिला दगडांच्या सांध्यात बोट घालायला सांगितले. येथील तटाचे मोठाले दगड चुना न भरता नुसते एकावर एक रचलेले आहेत; लाट आदळली की पाणी फटींत शिरते, तिचा जोर विभागला जातो आणि भिंतीला एकदम धक्का बसत नाही. मुलीने बोट घातले आणि आतून एक लहानसा खेकडा सरकत बाहेर आला. तेव्हापासून तिच्या मते खेकडे हेच कुलाब्याचे किल्लेदार आहेत. आत सिद्धिविनायकाचे देऊळ आहे, आणि उत्तरेच्या तटावर चाकांच्या गाड्यांवर ठेवलेल्या दोन तोफा आहेत. त्यांवर यॉर्कशायरच्या कारखान्याचे नाव आणि १८४९ हे साल ओतलेले आहे, म्हणजे आंग्र्यांचे राज्य संपून इंग्रजांचा अंमल बसल्यानंतरच्या त्या तोफा. सासरे त्या अक्षरांवरून हात फिरवत बराच वेळ उभे राहिले. गिरणीतल्या जुन्या मागांवरही विलायती कारखान्यांची नावे अशीच उठावदार ओतलेली असत, असे त्यांनी नातीला सांगितले. तिला तोफेपेक्षा आजोबांची गिरणी त्या दिवशी अधिक कळली असावी.

साडेदहाच्या आत आम्ही परत किनाऱ्यावर आलो होतो. येथे एक गोष्ट कळकळीने सांगते: परतीची वेळ निघतानाच ठरवावी आणि मूल कितीही रमले तरी ती मोडू नये. भरतीचे पाणी चढू लागले की वाळूची वाट फार लवकर बुडते.

रायगड यानंतर, आणि शक्य असेल तर मूल मराठी वाचू लागल्यावर. हिरकणीवाडीतून रोपवेने काही मिनिटांत वर जाता येते. काही जण रोपवेला कमी लेखतात. मला ते पटत नाही. हजाराहून अधिक पायऱ्या चढून दमलेल्या मुलाला वर काहीही पाहण्याची ताकद उरत नाही, आणि गड पाहणे हा हेतू आहे, दमणे नव्हे. वर गेल्यावर गंगासागर तलाव त्याला स्वतः शोधू द्यावा. नगारखान्यापाशी एकाने उभे राहावे आणि दुसऱ्याने सदरेवरून हळू बोलून पाहावे; १६७४ साली ६ जूनला राज्याभिषेक झाला तो येथेच, हे त्या वेळी सांगितले तर ते साल मुलाच्या लक्षात राहते. जगदीश्वराच्या देवळाच्या पायरीवर गडाचे बांधकाम करणाऱ्या हिरोजींच्या नावाची ओळ कोरलेली आहे. आमची मुलगी गुडघ्यांवर बसून बोटाने एकेक अक्षर लावत ती वाचत होती आणि मागे रांग थांबली होती, पण कोणीही तिला उठ म्हटले नाही. त्याच देवळाच्या शिलालेखात गडावरील विहिरी आणि तलावांचाही उल्लेख आहे, हे मी तिला सांगितल्यावर तिला आपला प्रश्न बरोबर होता याचा मोठा आनंद झाला. जूनच्या पहिल्या आठवड्यात मात्र लहान मुलाला नेऊ नये, गर्दी फार असते.

बाकी काही किरकोळ बाबी. पावसाळ्यात लहान मुलासह तटावर चढू नये. शेवाळलेल्या दगडांवर मोठी माणसेही घसरतात आणि बहुतेक तटांना कठडे नाहीत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत बरा. दर माणशी दोन लिटर पाणी घरून न्यावे, खायला पोळीत गुंडाळलेली कोरडी भाजी, काकडी, राजगिऱ्याचे लाडू असे काही असावे. दुपारी बाराच्या आत गडावरून उतरता येईल असा बेत करावा. गडावर जे नेले ते सर्व परत आणावे; आमच्या मुलीच्या पिशवीत कचऱ्यासाठी वेगळा कप्पा असतो आणि त्यावर आमच्यापेक्षा तिचेच लक्ष अधिक असते.

एवढ्या लहान मुलाला काय समजते, या वडीलधाऱ्यांच्या प्रश्नावर मी एकच प्रसंग सांगू शकते. कुलाब्याहून आल्यानंतरच्या दिवाळीत आमच्या इमारतीतील मुले अंगणात मातीचा किल्ला करायला बसली. मोठी मुले विटा रचून आधी बुरूज उभे करू लागली. आमची सात वर्षांची मुलगी घरात येऊन श्रीखंडाचा रिकामा डबा घेऊन गेली, किल्ल्याच्या ऐन मध्यावर तिने तो मातीत पुरला आणि चमच्याने चारही बाजूंनी उतार कोरत बसली. कोणीतरी तिला म्हटले, आधी दरवाजा कर, मावळे कुठून आत येणार? तिने मान वर न करता उत्तर दिले, "ते आल्यावर पितील काय?" त्या वर्षी टाके आधी झाले आणि हळीव पेरण्याआधी मुलांनी त्यात तांब्याने पाणी ओतून उतार तपासले.