गावाच्या अभ्यासाला जनगणनेचे आकडे पुरतात का?

तुम्ही विचारलंय की पुणे जिल्ह्यातल्या एका खेड्याची लोकसंख्या आणि वाहतूक यावर कॉलेजचा प्रकल्प करायचाय, तर २०११ची जिल्हा जनगणना पुस्तिका पुरेल का. सुरुवात तिथूनच करा. पण मी भोर तालुक्यातल्या डोंगराकडच्या गावचा. पुस्तिकेतली आमच्या गावाची ओळ मी शोधून वाचली आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

पुस्तिकेच्या 'अ' भागात सोयी असतात आणि 'ब' भागात माणसं: घरं, स्त्री-पुरुष, सहा वर्षांपर्यंतची मुलं, साक्षर, मुख्य आणि सीमांत कामगार. वर्षात सहा महिन्यांपेक्षा कमी काम मिळालं की तो सीमांत. वाहतुकीची सोय गावात नसेल, तर ती पाच किलोमीटरच्या आत, पाच ते दहा की दहाच्या पुढे, एवढंच एका अक्षरानं कळतं.

आता खरी मेख. ही ओळ महसुली गावाची असते. आमचं गावठाण खाली ओढ्याकाठी, आणि वरची वाडी अडीच किलोमीटर चढावर. कागदावर दोन्ही मिळून एकच गाव, आणि त्या गावात बस आहे.

बस आहे हे खरंच. रात्री आठच्या सुमारास मुक्कामी एसटी येते, देवळापुढे उभी राहते आणि सकाळी सहाला सुटते. ड्रायव्हरनं इंजिन सुरू केलं की खालच्या आळीतले लोक चहाचा कप ठेवून निघतात. वरच्या वाडीची माणसं मात्र पाचलाच बॅटरी घेऊन उतरायला लागतात. पावसाळ्यात चपला हातात. अंड्यांची टोपली घेतलेली एखादी आजी, कॉलेजच्या दोन-तीन पोरी, दवाखान्याला निघालेलं कुणी. दिवसा कुठं जायचं तर फाट्यापर्यंत चालत, तिथून वडाप, म्हणजे माणशी भाडं घेणारी खासगी जीप. वडाप भरल्याशिवाय हलत नाही, म्हणून तिची वेळ कुठल्याच रकान्यात बसत नाही.

माझी भाची वरच्या वाडीची. अकरावीला सायन्स घेतलं. प्रॅक्टिकल संपवून मुक्कामी गाडीनं आली, तरी पुढे अडीच किलोमीटर अंधाराचा चढ. महिनाभर तिचे वडील रोज खाली येऊन थांबले. मग तिला तालुक्याला वसतिगृहात ठेवलं.

लोकसंख्येचा आकडा इथंच बदलतो. जनगणनेत मोजणीच्या दिवसांत जो जिथं राहतो, तिथं तो धरला जातो. २०११ला हे दिवस ९ ते २८ फेब्रुवारी होते. वसतिगृहातली पोरगी तालुक्यात मोजली जाणार, मुंबईला असलेले माझे चुलते मुंबईत. चैत्रातल्या यात्रेला आमच्या आळीतली सगळी कुलपं उघडतात, फेब्रुवारीत अकरांपैकी सहा घरं बंद असतात.

आणि रस्ता ठरतो आकड्यावर. २०००मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत वस्तीची लोकसंख्या सपाट भागात ५००, डोंगरी राज्यं आणि आदिवासी भागात २५० लागायची, तीही २००१च्या जनगणनेतली. रस्ता नाही म्हणून माणसं खाली उतरतात, माणसं उतरली की आकडा घटतो, आणि घटलेल्या आकड्याला रस्ता मिळत नाही. लोकसंख्या आणि वाहतूक ही दोन वेगळी प्रकरणं करू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

पुस्तिकेतला आकडा आता जुना झालाय. पुढची जनगणना १ मार्च २०२७ ही तारीख धरून होणार आहे. तोवर अंगणवाडीताईंचं कुटुंब सर्वेक्षणाचं रजिस्टर बघायला मिळतं का ते विचारा; कुठल्या घरात सध्या कोण राहतं हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. ग्रामपंचायतीत नमुना ८ वर घरांची यादी मिळेल, ती घेऊन वाडीवाडीनं फिरा आणि कुलपं मोजा.

एक रात्र गावात मुक्काम करा. सकाळी गाडीत कोण चढलं ते लिहा, आणि संध्याकाळी त्यातलं कोण उतरलं तेही.