ऑटिझम असलेल्या प्रौढांची नजर खरंच जास्त तीक्ष्ण असते का?

डोळ्यांपुरतं बोलायचं तर नाही. 2009 साली एका ब्रिटिश संशोधनात त्यांची नजर गरुडासारखी असल्याचा दावा झाला होता, पण मोजण्याच्या पद्धतीतच खोट निघाली. नंतरच्या चाचण्यांत दृष्टी इतरांसारखीच आढळली.

फरक असतो तो मेंदू आधी काय टिपतो यात. गुंतागुंतीच्या रेखाचित्रात लपलेला छोटा आकार शोधायचा, अशी एक जुनी चाचणी आहे. 1997 मध्ये जॉलिफ आणि बॅरन-कोहेन या संशोधकांनी ती घेतली, तेव्हा ऑटिस्टिक प्रौढांनी तो आकार इतरांपेक्षा लवकर हेरला. म्हणून त्यांना अख्खं चित्र दिसतच नाही असं मात्र समजू नका. तिकडे लक्ष द्यायला सांगितलं की तेही दिसतं. आणि हो, हे सगळ्यांनाच सरसकट लागू होत नाही. ट्यूबलाइटच्या फडफडीचा ऑटिझम असलेल्या अनेकांना होणारा त्रास मात्र नखरा नव्हे.