जळगावात बांधकाम चालू असलेला फ्लॅट घेताय? टोकनआधी हे बघा

भाऊ, सॅम्पल फ्लॅट बघून लगेच टोकन देऊ नका. आधी महारेराच्या (बिल्डरांच्या प्रकल्पांवर लक्ष ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) वेबसाइटवर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाकून मंजूर नकाशा, ताब्याची तारीख आणि जमिनीवरचा बोजा (कर्ज, गहाण) वाचून काढा. उंच छताचा, पोटमाळ्याचा फ्लॅट असेल तर तो पोटमाळा मंजूर नकाशात दिसलाच पाहिजे, नाहीतर तो अनधिकृत ठरू शकतो. भाव कार्पेट एरियावरच, म्हणजे घरातल्या प्रत्यक्ष वापराच्या जागेवरच ठरवा.

रजिस्टर करारनामा होण्याआधी बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांच्या वर रक्कम घेता येत नाही. राज्याच्या नमुना करारनाम्यात प्लिंथपर्यंत (जोत्यापर्यंत) जास्तीत जास्त 45 टक्के आणि सगळे स्लॅब होईपर्यंत 70 टक्के असे टप्पे आहेत. "आत्ताच 80 टक्के भरा, भाव कमी करतो" असं कुणी म्हणालं तर सरळ नाही म्हणा. काम रखडलं की तुमच्या हातात काहीच उरत नाही. जीएसटी 5 टक्के वेगळा धरा, परवडणाऱ्या घराला 1 टक्का.

आता खरी गोष्ट, पाणी मारणं. मे महिन्यात भर दुपारी साइटवर जा. नव्या स्लॅबवर आळी (छोटे बांध) करून पाणी साठवलंय का, कॉलमला गुंडाळलेलं गोणपाट ओलं आहे का, हात लावून बघा. आपल्याकडच्या उन्हात किमान 10 दिवस ओल हवीच. ती तुटली की काँक्रीट वरून वाळतं, बारीक भेगा पडतात आणि पावसाळ्यात तिथूनच गळतं. सगळ्यात वरचा मजला घेणार असाल तर गच्चीचं वॉटरप्रूफिंग करारात लिहून घ्या. ताब्यानंतर 5 वर्षांत बांधकामातला दोष निघाला तर लेखी कळवा, बिल्डरला तो 30 दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यावा लागतो.