मरीआईचा गाडा आणि टीसीएलचा वास

प्रश्न : अमळनेर तालुक्यातील आमच्या गावात पावसाळ्याच्या तोंडी जलवाहिनी फुटली आणि कॉलऱ्याचे रुग्ण निघाले. गावाने रोगराईची देवी मरीआई हिचा गाडा शिवेबाहेर काढला. परंतु टीसीएलचा (पाणी जंतुमुक्त करणाऱ्या ब्लीचिंग पावडरचा) वास येतो म्हणून निम्मी घरे अजूनही शेतातल्या विहिरीचेच पाणी पितात. माझ्या सासूबाई तर जुलाब होणाऱ्या नातवाला पाणीच देऊ देत नाहीत. काय करावे?

उत्तर : ताई, आधी सासूबाईंचे पाहू, कारण जीव जातो तो तिथे. पाणी पाजले की पोराला पुन्हा होते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले आहे. पण पटकीत, म्हणजे कॉलऱ्यात, माणूस दगावतो तो अंगातले पाणी व क्षार निघून गेल्याने, आणि मिठासोबत साखर असली की आतडे त्याही अवस्थेत पाणी शोषून घेते. १९७१ साली पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन संपत आल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी असेच पाणी नातेवाइकांच्या हातून पाजवले आणि सुमारे ३० टक्क्यांवर असलेले मृत्यूचे प्रमाण ४ टक्क्यांच्याही खाली आले. ओआरएसचे पाकीट नसेल तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालावे, आणि वाटी-चमचा सासूबाईंच्याच हाती द्यावा. डोळे खोल गेले, लघवी थांबली किंवा मूल मलूल पडले, तर पाजत पाजतच दवाखाना गाठावा.

गाड्याला विरोध करू नका. रोग माणसांबरोबर गावोगाव फिरतो, ही जाण त्या प्रथेत आहेच. फक्त गाडा शिवेपार गेला तरी जंतू गावातच राहतात, तेही बरेचदा ज्यांना काहीच त्रास नाही अशांच्या विष्ठेतून. भंडाऱ्याची गरम वरण-बट्टी सहसा बाधत नाही, बाधते ते पिंपात हातासकट तांब्या बुडवून वाढलेले पाणी. भगताने एका शब्दात ओगराळे (लांब दांड्याचा डाव) वापरायला लावले, तर आमच्या दहा पत्रकांपेक्षा ते लवकर होईल.

राहिला वास. थोडा वास म्हणजे औषध शिल्लक असल्याची खूण, आणि नितळ दिसणाऱ्या विहिरीत पावसाळ्यात बांधावरची घाण उतरतेच. तथापि हजार लिटरला साधारण अडीच ग्रॅम चांगली पावडर पुरत असताना टाकीत अंदाजाने मूठभर टाकली जात असेल, तर तक्रार रास्तच आहे. ग्रामपंचायतीला रोज सकाळी नळावर, बायकांच्या देखत, ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन उरले आहे का, याची तपासणी) करायला सांगा; नळीतले पाणी फिकट पिवळे झालेले त्यांनी स्वतः पाहू द्या.