तक्त्यात नसलेला रकाना

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

कुठली गाडी घ्यावी म्हणून केलेला तुझा तक्ता मिळाला. पाच दुचाकी आणि प्रत्येकीपुढे सीसी, पॉवर, टॉर्क, टॉप स्पीड, मायलेज, ऑन रोड किंमत, हप्ता. मेकॅनिकलच्या डिप्लोमाला शोभेल असं नेटकं काम आहे. खाली लिहिलंयस, ‘काका, प्रत्येक जण वेगळंच सांगतो, माझं डोकंच चालेनासं झालंय.’ डोकं चालतंय गं. फक्त तक्त्यात एक रकाना राहिलाय. ही गाडी दुसऱ्या गियरमध्ये, दहा-पंधराच्या स्पीडला, अर्धा-पाऊण तास कशी वागते?

तुझा रोजचा रस्ता घर ते कंपनी, म्हणजे भोसरी ते चाकण, वीसेक किलोमीटरचा. संध्याकाळी गेटबाहेर पडलीस की तळेगाव चौक. तिथे पुणे-नाशिक रस्त्याला तळेगाव-शिक्रापूरचा रस्ता आडवा येतो आणि कंटेनर-ट्रेलर चारी बाजूंनी तोंड खुपसून उभे असतात. तिथून सुटलीस की आळंदी फाटा, मग चिंबळी फाटा, मग मोशी. ताशी शंभर पळणारी घेतलीस काय नि एकशे वीस पळणारी घेतलीस काय, इथे काय फरक पडणार? पल्सर चाकणलाच बनते, आणि संध्याकाळी चाकणच्या चौकात तिलासुद्धा चौथा गियर मिळत नाही.

तुझ्या दादाला रॉयल एनफील्डची हंटर ३५० हवी आहे, आणि ती तुझ्या नावावर हवी आहे, हे मला दिसतंय. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आणि घरोघरी हे बोलणं सुरू झालं. तो टॉर्कचे, म्हणजे इंजिनाच्या ओढीचे, आकडे तोंडावर फेकेल: २७ न्यूटन-मीटर, तोही ४००० आरपीएमला. खरंच आहे. दुसऱ्या गियरमध्ये ते इंजिन गोड चालतं, मी चालवून पाहिलंय, मला खोटं बोलायचं नाही. पण ती गाडी १८१ किलोची आहे आणि स्प्लेंडर ११२ ची. चौकात रस्ता एका बाजूला उतरता असतो, पायाखाली खडी असते, मागचा हॉर्न देत असतो. तेव्हा ते सगळं वजन एका पायावर तोलायचं तुला आहे, दादाला नाही. इंजिनाची धग पोटरीला लागते, ती मे महिन्यात कळेल.

पेट्रोलचं एकदाच सांगतो. महिन्याला हजारेक किलोमीटर होतील. लिटरला ६० देणारी गाडी सतरा-अठरा लिटर पिईल, ३५ देणारी तीसच्या घरात. महिन्याला बाराशे-तेराशे रुपयांचा फरक, हप्ता वेगळा. तेवढा तुझा पगार सोसेल. पैशांसाठी मी नको म्हणत नाहीये.

आता तू मला कुठे पकडणार तेही ठाऊक आहे. दुसऱ्या गियरचंच एवढं असेल तर बाबा म्हणतात ती ॲक्टिव्हा का नको? गियर नाही, क्लच नाही. मान्य. त्या चौकात डाव्या हाताला स्कूटरइतका आराम कुठलीच मोटरसायकल देणार नाही. पण ॲक्टिव्हाचं मागचं चाक १० इंची आहे, स्प्लेंडरची दोन्ही १८ इंची. जड गाड्यांनी डांबर दाबून केलेल्या चाकोऱ्या, त्यांच्या उभ्या कडा आणि जुलैत पाण्याखाली गेलेले खड्डे तू बघितलेले नाहीस. लहान चाक खड्ड्यात उतरतं, मोठं काठावरून निघून जातं. बाबांचं ऑफिस शिवाजीनगरला आहे, त्यांना त्यांचा रस्ता बरोबर दिसतो. तुझा दिसत नाही.

तर टेस्ट राइड. शोरूमचा पोरगा सकाळी अकरा वाजता मागच्या मोकळ्या रस्त्यावर नेईल आणि म्हणेल, ‘मॅडम, पिकअप बघा.’ पिकअप बघू नकोस. दुसऱ्यात टाक, ॲक्सिलरेटर सोड, क्लचही पूर्ण सोड, आणि गचके न देता गाडी आपणहून किती हळू चालते ते बघ. पंधराच्या खाली लगेच धक्के द्यायला लागली, तर चौकात तुला सतत हाफ क्लचवर राहावं लागणार. त्यात मनगट जातं आणि क्लच प्लेटही जातात. हँडल पूर्ण वळवून यू-टर्न घे. थांब, पाय टेक. दोन्ही पाय सपाट टेकले पाहिजेत, चवड्यांवर उभं राहायला लागता कामा नये. मग परत दुसऱ्यात.

आणि हे सगळं सेफ्टी शूज घालून करायचं. हे तुला कोणी सांगणार नाही, कारण सांगणारे सगळे सँडल घालून गाडी चालवतात. कंपनीत तुझ्या पायात स्टीलच्या टोपीचा बूट असणार. स्पोर्टी गाड्यांना गियरची दांडी फक्त पुढे असते, तिच्याखाली तो जाड पंजा नीट शिरत नाही, आणि पहिल्यातून दुसऱ्यात जाताना मधेच न्यूट्रल पडतं. मागे ट्रेलर असताना न्यूट्रल पडलं की काय होतं ते मी लिहीत नाही. टाचेने दाबायचीही दांडी असलेला गियर घे. शोरूममध्ये हसले तर हसू देत.

एबीएसचं विचारलंयस. २०१९ च्या नियमाने १२५ सीसीच्या वरच्या गाडीला एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक अडकत नाही, आणि १२५ पर्यंत निदान सीबीएस, म्हणजे मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. कधी पहिली शिफ्ट लागली आणि पहाटे मोकळ्या रस्त्यावर साठने निघालीस तर एबीएसचा उपयोग आहे, ते मी नाकारत नाही. पण अगदी कमी वेगात त्याचं काम संपतं, आणि तुझा जास्त वेळ तिथेच जाणार. चिखलात हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक दाबायचा नाही, एवढं एबीएस असो-नसो पाळ. आणि हेल्मेट आयएसआयचं, पूर्ण तोंड झाकणारं. त्यावर चर्चा नको.

तुझी काकू हे पत्र वाचून म्हणाली, ‘स्वतःचं समर्थन करताय.’ करतोय. मला यामाहाची आरएक्स १०० हवी होती. १९९६ ला ती बंद झाली तेव्हा माझ्याकडे पैसे नव्हते, आणि पैसे आले तेव्हा गाडी नव्हती. मग स्प्लेंडर घेतली. काकूच्या मते दुसऱ्या गियरचं तत्त्व मला त्यानंतर सुचलं. असेल. २००१ ला पल्सर आली तेव्हा टूलरूममधल्या बहुतेकांनी ती घेतली, आणि माळशेजच्या सहलीत मी सगळ्यांच्या मागे होतो. जुन्नरच्या पुढे तर ते दिसलेसुद्धा नाहीत. मी पोचलो तेव्हा त्यांची भजी खाऊन झाली होती. लडाखला ते गेले, मी गेलो नाही. आता गुडघे म्हणतात नको. हे मला डाचत नाही असं नाही. पण सोमवारी नाशिक फाट्याला आम्ही सगळे एकाच रांगेत असायचो, आणि तिथे घाम त्यांना यायचा, मला नाही. एवढं तरी मला म्हणू दे.

मात्र माझी आहे म्हणून स्प्लेंडर घे, असं मी म्हणत नाहीये. ९७ सीसीला रिकाम्या महामार्गावर ट्रेलरला ओलांडताना श्वास लागतो, ते मला माहीत आहे. तुझ्या पाचांतल्या १२५ च्या दोन्ही, शाइन आणि रेडर, चालवून बघ. जी दुसऱ्या गियरमध्ये तुला विसरायला लावेल की आपण गियरमध्ये आहोत, ती घे. दोन्हींत फरक वाटलाच नाही तर भोसरीत जिचा मेकॅनिक घरापासून चालत गाठता येतो, ती घे, आणि जादा क्लच केबल सीटखाली ठेव. २०२० नंतर कार्ब्युरेटर गेले, त्यामुळे चोक नि कार्ब्युरेटरचं माझं अर्धं ज्ञान तुझ्या कामाचं नाही. केबल मात्र अजून तुटते, आणि ती मोशीच्या पुलावरच तुटते.

टेस्ट राइडला संध्याकाळी सहाची वेळ माग. देत नाही म्हणाले तर मला फोन कर, मी येऊन बोलतो त्यांच्याशी. रंगाचं तू विचारलं होतंस. तुला आवडेल तो घे, त्यात माझं काही म्हणणं नाही. फक्त काळा नको. चाकणची धूळ काळ्यावर दुपारच्या आत दिसते, आणि पार्किंगमध्ये शंभर काळ्या गाड्यांत आपली शोधत फिरावं लागतं.

तुझा,
काका