सॉफ्टवेअरच्या अटी न वाचता मान्य केल्या तर काय बिघडतं? आणि वाचायच्या तर कशा?

तुम्ही लिहिलंय की तारकर्लीला तुमचं चार खोल्यांचं होमस्टे आहे, बुकिंग आणि बिलांसाठी ॲप घ्यायचंय, आणि 'आय ॲग्री'च्या आधी चाळीसेक पानं इंग्रजी समोर आलंय. ती सगळी पानं वाचायची गरज नाही. पण न वाचता बटण दाबूही नका, कारण या ॲपमध्ये जाणारी माहिती एकट्या तुमची नाही. पाहुण्यांचे फोन नंबर, आधारचे फोटो, कोण कोणाबरोबर किती दिवस राहून गेलं, हे सगळं तिथे साठणार. त्यांच्या वतीने होकार तुम्ही देताय आणि त्यांना याचा पत्ताही नसतो.

मी वेंगुर्ल्यात छोट्या धंदेवाल्यांची हिशेबाची आणि जीएसटीची कामं करतो, त्यामुळे अशी ॲप्स रोज बघतो. आमच्याकडच्या एका आंबा बागायतदाराने फुकट मिळतंय म्हणून बिलिंगचं ॲप घेतलं. पुण्या-मुंबईची सगळी गिऱ्हाइकं नाव-नंबरासकट त्यात भरली. ऐन हंगामात त्या गिऱ्हाइकांना दुसऱ्याच विक्रेत्याचे हापूसचे मेसेज जायला लागले. ॲपची प्रायव्हसी पॉलिसी, म्हणजे माहितीचं काय करणार ते सांगणारं पान, उघडली तर वाक्य सरळ समोर होतं: तुम्ही भरलेल्या ग्राहकांचे संपर्क आमच्या भागीदारांच्या ऑफर कळवण्यासाठी वापरले जाऊ शकतात. तो एवढंच म्हणाला, "वाचूक येळ खंय होतो?" आणि त्याचं खरंच आहे. एप्रिलात माणूस पेट्या भरेल की पानं वाचेल? पण वडिलांच्या वेळेपासून एकेक पेटी पाठवून जोडलेली गिऱ्हाइकं होती ती. मला अजून त्याचं वाईट वाटतं.

कोकणात सामाईक जमिनीचा व्यवहार असला की आपण सातबारावर हिस्सेदार किती, कूळ कोण, एवढं आधी बघतो. इथेही तसंच करा. लॅपटॉपवर पॉलिसी उघडून कंट्रोल-एफ दाबा. मोबाइलवर ब्राउझरच्या तीन टिंबांत 'फाइंड इन पेज' असतं. मग 'थर्ड पार्टी', 'ॲफिलिएट', 'पार्टनर' हे शब्द शोधा आणि ते जिथे सापडतील तिथला अख्खा परिच्छेद वाचा. इंग्रजी अवघड गेलं तर तेवढाच तुकडा भाषांतराच्या ॲपमध्ये टाका. माहिती कोणाला दिली जाते आणि कशासाठी, हे तिथे कळतं. पैसे घेणारी बँक किंवा सर्व्हर पुरवणारी कंपनी असेल तर ठीक, त्यांच्याशिवाय काम चालत नाही. 'मार्केटिंग' दिसलं की थांबा. त्यानंतर 'रिटेन' आणि 'डिलीट' शोधा. तुम्ही ॲप सोडल्यावर पाहुण्यांची माहिती किती दिवस ठेवणार ते तिथे लिहिलेलं असतं. तसं काहीच लिहिलेलं नसेल तर माझ्या मते ते ॲप घेऊच नये.

प्ले स्टोअरवर 'डेटा सेफ्टी' नावाचा भाग असतो, तोही बघा. मात्र ती माहिती ॲप बनवणाऱ्यानेच भरलेली असते. पॉलिसीत एक आणि तिथे दुसरं असेल तर त्यावरूनच काय ते समजून घ्या.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. 2023 साली डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले, आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर 18 महिन्यांनी लागू होतात. या कायद्यातच एक उदाहरण दिलंय: डॉक्टरी सल्ल्याच्या ॲपने फोनमधली संपर्क यादी मागितली आणि माणसाने हो म्हटलं, तरी ती संमती सल्ल्याला लागणाऱ्या माहितीपुरतीच धरायची, कारण सल्ला द्यायला संपर्क यादी लागत नाही. संमती मागताना ती मराठीतही वाचायची सोय द्यावी लागेल. तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, पाहुण्यांची माहिती तुम्ही गोळा करता म्हणून तिची जबाबदारी तुमच्यावर येते. ॲप कंपनीशी तुमचा करार काहीही असो, त्याने ती टळत नाही. म्हणून शक्य तिथे पाहुण्यांकडून मास्क्ड आधारच घ्या. त्यावर शेवटचे चारच आकडे दिसतात.

आता लायसन्स. इथे बहुतेकजण एकच ओळ चुकवतात: फुकटची आवृत्ती फक्त वैयक्तिक वापरासाठी. लांबून कॉम्प्युटर दुरुस्त करायला वापरतात ते टीमव्ह्यूअर याचं नेहमीचं उदाहरण आहे. होमस्टेच्या कामासाठी वापरलं की तो व्यावसायिक वापर झाला. 'कमर्शियल' आणि 'ऑटो-रिन्यू' (मुदत संपली की वर्गणी आपोआप पुढे चालू होणं) हे दोन शब्द शोधलेत की बरंचसं काम होतं. वाद झाला तर दिल्ली-बंगळुरूच्याच कोर्टात यावं लागेल असं कलम दिसलं तर लगेच धास्ती घेऊ नका. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक जिथे राहतो त्या जिल्ह्यातल्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. निव्वळ स्वतःच्या चरितार्थासाठी, स्वतः राबून चालवलेल्या धंद्याकरता घेतलेली सेवाही त्यात बसू शकते. तरी पैसे भरण्याआधी वकिलाला एकदा विचाराच.

विषय निघालाच आहे म्हणून कर्जाच्या ॲपबद्दलही सांगतो, कारण पावसाळ्यात खोल्या रिकाम्या असताना हात तिकडे वळतात. रिझर्व्ह बँकेने 2022 मध्येच बजावलंय की डिजिटल कर्ज देणाऱ्या ॲपने फोनमधली संपर्क यादी, कॉलची नोंद, फोटो-फाइली यांना हात लावायचा नाही. ज्या ॲपने संपर्क मागितले ते तिथल्या तिथे काढून टाका. वसुलीसाठी नातेवाइकांना फोन गेले की घरातल्या बायामाणसांची काय अवस्था होते ते मी जवळून बघितलंय.

अटी पटल्या तर त्या दिवशीची प्रत पीडीएफ करून ठेवा. कंपन्या अटी बदलत राहतात आणि जुनी प्रत नंतर हाती लागत नाही. त्याआधी कंपनीला दोन ओळींचा ईमेल करा: आमच्या पाहुण्यांचे नंबर जाहिरातीसाठी वापरता का, आणि आम्ही सोडून गेलो तर आमचा डेटा आम्हाला देऊन तुमच्याकडचा पुसता का? उत्तर गोलमोल आलं किंवा आलंच नाही, तर हा हंगाम रजिस्टर आणि एका साध्या एक्सेल शीटवर काढा. चार खोल्यांना तेवढं पुरतं.